कानातला आवाज आणि घरगुती उपायांची मर्यादा

छत्तीसगडमधील भिलाई ही पोलादाची नगरी. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशातील लोहमार्गांवरील रुळांचा मोठा हिस्सा याच कारखान्यातून गेला आहे. शेजारच्या विदर्भातील मराठी कुटुंबांसह देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक येथे नोकरीला आले, स्थायिक झाले, निवृत्त झाले. मात्र पोलाद उद्योगात आयुष्य घालवलेल्या माणसाबरोबर निवृत्तिवेतनाखेरीज आणखी एक गोष्ट घरी येऊ शकते. ती म्हणजे बाहेर काहीही वाजत नसताना कानात अखंड ऐकू येणारा आवाज.

आधुनिक वैद्यक त्याला टिनिटस म्हणते, आयुर्वेदात कर्णनाद हा शब्द आहे आणि घरात 'कान वाजतात' एवढेच म्हटले जाते. कोणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते, कोणाला वाफ निसटल्याचा फुत्कार, कोणाला दूरवर वाजणारा कारखान्याचा भोंगा. हा प्रश्न केवळ पोलादनगरीचा नाही. 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना कधी ना कधी कर्णनादाचा अनुभव येतो, तर सुमारे दोन टक्के लोकांना तो तीव्र स्वरूपात छळतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो आवाज पार्श्वभूमीला राहतो. त्या दोन टक्क्यांची झोप मात्र उडते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. मग कोणी सांगेल ते तेल, काढा, चूर्ण, कॅप्सूल असा शोध सुरू होतो. या शोधात पैसा जातो, आणि काही रुग्णांच्या बाबतीत परत न मिळणारा वेळही जातो.

आवाजाचे ठिकाण

कानाच्या पडद्यामागे, कवटीच्या हाडात, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला कॉक्लिया नावाचा अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनाने त्या हलतात आणि त्या हालचालीचे विद्युत संदेश श्रवणनाडीमार्फत मेंदूकडे जातात. फार मोठा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडत राहिला, की या पेशी प्रथम थकतात आणि नंतर मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत गेलेली केशपेशी परत येत नाही.

आवाजामुळे होणारी ही हानी प्रथम उंच स्वरांच्या पट्ट्यात होते. ऑडिओमेट्री म्हणजेच श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खळगा दिसतो. नेहमीचे बोलणे बहुतांशी त्याहून खालच्या पट्ट्यात असल्याने माणसाला आपले काही बिघडले आहे असे वाटत नाही. मेंदूला मात्र त्या पट्ट्यातून येणारे संदेश कमी पडतात. रेडिओवर केंद्र नीट लागेनासे झाले की आपण आवाजाची कळ पिळतो आणि खरखर वाढते, तसेच काहीसे येथे होते. संदेश क्षीण झाल्यावर मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात आणि मज्जासंस्थेतील एरवी दबून राहणारी हालचाल 'आवाज' म्हणून जाणवू लागते. कर्णनादाविषयीचे हे आजचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. त्याला एक कठोर दुजोरा शस्त्रक्रियेच्या इतिहासातून मिळतो. श्रवणनाडी कापल्यानंतरही अनेक रुग्णांचा कर्णनाद थांबला नाही.

ही हालचाल निरोगी माणसातही असते. हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये ऐकू येण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना अतिशय शांत अशा ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोकांनी आपल्याला काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे पूर्ण शांतता ही कर्णनादाची शत्रू नव्हे, ती त्याची सोबतीण आहे.

नोकरी असेपर्यंत न जाणवलेला आवाज निवृत्तीनंतर का छळू लागतो, याचेही उत्तर यातच आहे. मिलच्या गोंगाटात तो झाकलेला होता. विदर्भ आणि छत्तीसगडमधील घरांत उन्हाळाभर कूलरची घरघर चालू असते. दिवाळीनंतर थंडी पडून कूलर बंद झाले की रात्री 'आवाज वाढला' असे वाटण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात आवाज तेवढाच असतो, त्यावरचे पांघरूण निघालेले असते.

तेल, लसूण आणि बदाम

घरगुती उपायांत पहिला मान तेलाचा. लसणीची पाकळी परतून कोमट केलेले तीळ वा मोहरीचे तेल, करंजाचे तेल, कांद्याचा रस असे प्रकार घरोघरी माहीत असतात. या परंपरेची मुळे जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील विसाव्या अध्यायात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद, कर्णक्ष्वेड व बाधिर्य ही वेगवेगळी नोंदवली आहेत. केवळ लक्षणांच्या आधारे इतके बारकाईने वर्गीकरण करणे ही लहान गोष्ट नव्हती. मात्र कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य आणि क्ष्वेड या चारही रोगांना एकच सामान्य चिकित्सा त्या ग्रंथपरंपरेने लागू केली. अंतःकर्णातील केशपेशी पाहण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. कान दुखणे आणि कान वाजणे यांचे उगम वेगळे आहेत, हे समजण्यास सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

कानात घातलेले तेल बाह्यकर्णाच्या सुमारे अडीच सेंटिमीटर नळीत राहते. पुढे पडदा असतो. पडदा शाबूत असेल तर तेल मध्यकर्णातही जात नाही, मग हाडात दडलेल्या कॉक्लियापर्यंत आणि तेथून मेंदूपर्यंत त्याचा प्रभाव पोहोचणे दूरच. आणि पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाणे हेच संकट ठरते.

युरोपातील अनुभव वेगळा नव्हता. संगीतकार बीथोव्हेन याने १८०१ मध्ये वेगेलर या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात आपले कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याचे कळवले आहे. व्हिएन्नातील एका नामांकित डॉक्टरने त्याला बदामाच्या तेलाचा उपाय सुचवला होता. त्याने काहीही साधले नाही. दुसऱ्या डॉक्टरने डॅन्यूबच्या कोमट पाण्याची स्नाने सांगितली. त्यांनी पोटाची तक्रार बरी झाली, कानाचे गुणगुणणे तसेच राहिले. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही बदामतेलाची शिफारस होतच असते.

मग एखाद्याला तेलाने खरोखर बरे कसे वाटते? याची कारणे साधी आहेत. कानात घट्ट मळ साचल्यानेही कान वाजतो. तेलाने मळ सैल होऊन निघाला की नादही जातो. तो रुग्ण गुण आल्याचे खरेच सांगत असतो, फक्त त्याचा आजार वेगळा असतो. दुसरे असे, की कर्णनाद दररोज सारखा नसतो. तो असह्य झाला की माणूस उपाय करतो, आणि असह्य दिवसांनंतर बहुधा बरे दिवस येतातच. त्याचे श्रेय त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्याला मिळते. तिसरे कारण म्हणजे सवय. काही महिन्यांत मेंदू त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

तेलाचे अपाय मात्र खरे आहेत. पावसाळ्यातील दमट हवेत ओलसर राहिलेल्या कानात बुरशी वाढते. फार गरम तेलाने नळीची त्वचा आणि पडदा भाजतो. फार गार वा फार ऊन द्रव आत गेल्यास अंतःकर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा ढवळली जाऊन भोवळ येते. कानातून पू येत असलेल्या किंवा पूर्वी पडदा फाटलेल्या रुग्णाने कानात काहीही घालू नये. कानात लावून पेटवायच्या मेणबत्त्यांचाही काही काळ बोलबाला होता. त्यांनी मळ ओढला जात नाही. नंतर दिसणारा पिवळट चुरा मेणबत्तीचाच असतो.

वनस्पती, जस्त आणि डॉक्टरांची चिठ्ठी

पोटात घेण्याच्या उपायांत जगभर सर्वाधिक खपणारे नाव गिंको बिलोबा. या वृक्षाच्या पानांचा अर्क रक्ताभिसरण सुधारतो आणि कानाला लाभ देतो, असा दावा केला जातो. ब्रिटनमध्ये ड्रू आणि डेव्हिस या संशोधकांनी त्याची मोठी तुलनात्मक चाचणी घेतली. १,१२१ व्यक्तींपैकी निम्म्यांना बारा आठवडे गिंको आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यानंतर अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यातही चित्र बदलले नाही. उलट हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांत गिंकोमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. निवृत्तीच्या वयातील किती जण अशी गोळी रोज घेतात, हे लक्षात घेतले तर ही किरकोळ बाब राहत नाही.

जस्ताच्या गोळ्यांची स्थितीही तीच. कॉक्रेनच्या २०१६ मधील आढाव्यात केवळ तीन चाचण्या आणि २०९ रुग्ण हाती लागले आणि त्यांतून लाभाचा पुरावा निघाला नाही. त्याच वर्षी ५३ देशांतील १,७८८ कर्णनादग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे २३ टक्के लोकांनी काही ना काही पूरक गोळ्या घेतल्या होत्या आणि घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी काहीच परिणाम झाला नसल्याचे सांगितले.

'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही' या समजुतीला कर्णनादाच्या बाबतीत एक वेगळेच उत्तर मिळते. कोयनेल, म्हणजे क्विनीन, हे सिंकोना झाडाच्या सालीतून मिळालेले औषध. हिवतापाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या ते वापरले गेले. त्याची मात्रा वाढल्याची एक ठळक खूण म्हणजे कानात घंटा वाजू लागणे. वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या सालीशी नाते असलेले ॲस्पिरिनही मोठ्या मात्रेत कर्णनाद निर्माण करते. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांनीही केशपेशींना इजा होऊ शकते. ही औषधे अनेकदा अत्यावश्यक असतात. म्हणून ती परस्पर बंद न करता, कान वाजू लागताच डॉक्टरांना कळवणे हाच मार्ग आहे.

मर्यादा केवळ घरगुती औषधांनाच आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. कर्णनादाच्या तक्रारीवर भारतात बिटाहिस्टिन हे औषध सर्रास लिहून दिले जाते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत केवळ कर्णनादासाठी ते देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१४ च्या मार्गदर्शनात गिंको, मेलाटोनिन, जस्त यांच्याबरोबरच नैराश्यविरोधी व अपस्मारावरील औषधे केवळ कर्णनादासाठी नेहमी देऊ नयेत, असे नमूद केले. कर्णनाद बंद करणारी सिद्ध गोळी आज कोणत्याच वैद्यकपद्धतीकडे नाही.

उपयोग कशाचा होतो

आवाज बंद करणारे औषध नाही, याचा अर्थ त्रास कमी होत नाही असा नाही. पहिली पायरी म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आणि ऑडिओमेट्री. मळ, मध्यकर्णाचा संसर्ग, पंडुरोग, थायरॉईडचे विकार, जबड्याच्या सांध्याचे दुखणे अशी दुरुस्त होणारी कारणे येथेच सापडतात. भिलाईत कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय सेक्टर ९ मध्ये आहे आणि २०१२ मध्ये सुरू झालेली एम्स रायपूर येथे आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था या क्षेत्रातील प्रमुख सार्वजनिक संस्था आहेत.

श्रवणदोष आढळल्यास श्रवणयंत्राचा विचार करावा, अशी शिफारस आहे. तर्क सरळ आहे. बाहेरचा आवाज पुरेसा पोहोचू लागला की मेंदूला आतली कळ पिळण्याचे कारण उरत नाही, आणि नाद झाकलाही जातो. पण श्रवणयंत्र लावणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे, या संकोचापायी कित्येक जण त्याऐवजी चूर्णाची बाटली आणतात.

झोपेच्या वेळी खोलीत मंद, एकसुरी आवाज ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. पंखा, हळू लावलेला रेडिओ, पावसाच्या आवाजाची ध्वनिफीत यांपैकी काहीही चालते. तो आवाज कर्णनादापेक्षा थोडा कमीच असावा. पूर्ण झाकण्यापेक्षा दोन्ही आवाज एकत्र राहू दिले तर मेंदूला सवय होणे सोपे जाते, असा या पद्धतीमागील विचार आहे. या उपायाचा संशोधनातील पुरावा अजून भक्कम नाही. अपाय नाही आणि खर्च जवळजवळ नाही, म्हणून तज्ज्ञ तो सुचवतात.

सर्वांत चांगला पुरावा आहे तो बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजेच सीबीटीचा. कॉक्रेनच्या २०२० मधील आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ व्यक्तींचा समावेश होता. या उपचाराने कर्णनादाचा जीवनावरील परिणाम कमी होतो, असे त्यात दिसले. आवाज मोजमापाने लहान होतो, असे मात्र नाही. 'हा आवाज म्हणजे मेंदूत काहीतरी भयंकर घडते आहे', 'आता मला वेड लागेल' अशा विचारांमुळे मेंदू त्या आवाजाला धोक्याची सूचना मानतो आणि त्याच्यावर पहारा ठेवतो. उपचारात हे विचार तपासले जातात, झोपेच्या सवयी बदलल्या जातात आणि टाळलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू केली जातात. मानसोपचाराचे नाव काढताच 'माझा आवाज खरा आहे, मनाचा खेळ नाही' असे रुग्ण म्हणतो. आवाज खराच असतो. उपचार त्याच्याबद्दलच्या भीतीवर असतो.

नैसर्गिक म्हणवल्या जाणाऱ्या उपायांचीही खरी जागा येथेच आहे. भ्रामरी प्राणायाम, दीर्घ श्वसन, सकाळचे फिरणे, अंगाला तेल लावून केलेले स्नान यांनी मन शांत होत असेल आणि झोप लागत असेल, तर कर्णनादाचा जाच कमी होणे स्वाभाविक आहे. भ्रामरीचा गुंजारव त्या क्षणापुरता नाद झाकतोही. सीबीटीच्या तोडीचा पुरावा भ्रामरीमागे नाही, पण ती करू नये असेही कोणी म्हणणार नाही. तिने मेलेल्या केशपेशी जिवंत होतील, असे सांगून पैसे घेणारा मात्र फसवणूक करतो. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या अनुसूचीत बहिरेपणाचा समावेश आहे, म्हणजेच तो बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करण्यास कायद्याने मनाई आहे.

वाट पाहू नये अशी लक्षणे

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले आणि त्याबरोबर नाद सुरू झाला, तर ती तातडीची स्थिती समजावी. स्टिरॉइडचा उपचार अशा वेळी पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका, उपयोगी पडण्याची शक्यता असते. सर्दीने कान बंद झाला असेल असे समजून महिनाभर तेल घालत बसलेल्या रुग्णाचे ऐकणे कायमचे जाऊ शकते. घरगुती उपायांचा सर्वांत मोठा अपाय हाच.

केवळ एकाच कानात सतत येणारा नाद, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, सोबत भोवळ किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला नाद या सर्वांत विलंब न करता तपासणी आवश्यक असते. यांमागे रक्तवाहिन्यांचे विकार किंवा क्वचित श्रवणनाडीवरील गाठ असू शकते. कर्णनादामुळे जगणे नकोसे वाटू लागले, तर तीही वैद्यकीय तातडीच आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

कारखान्याच्या दारात

मेलेली केशपेशी परत आणता येत नसली, तरी ती मरू न देणे शक्य आहे. भारतातील कारखान्यांसाठीच्या आदर्श नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा ठरवण्यात आली. आवाज पाच डेसिबलने वाढला की मुभा निम्म्यावर येते. ९५ डेसिबलला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एकच तास. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्था याहून कडक आहे. तिच्या शिफारशीनुसार आठ तासांना ८५ डेसिबल आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेचे नसते. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. नियमांतील हा फरक म्हणूनच कागदी नाही.

आवाजामुळे येणारा श्रवणदोष १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सूचनीय आजारांच्या यादीत घातला होता. म्हणजे तो आढळल्यास डॉक्टरने शासनाला कळवणे बंधनकारक होते. कर्णनादाचे नाव त्या यादीत नव्हते. श्रवणदोष आलेखावर दाखवता येतो, कर्णनाद मोजणारे यंत्र नाही, रुग्णाचे सांगणे हाच पुरावा. शिवाय श्रवणचाचणी पूर्णपणे सामान्य असूनही कान वाजू शकतो. त्यामुळे आलेख चांगला आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

यंत्रालाच आच्छादन घालणे, कामगाराला आवाजापासून दूर बंदिस्त कक्षात बसवणे हे उत्तम उपाय. इअरप्लग आणि इअरमफ यांचा क्रम त्यानंतरचा. फोमचा इअरप्लग बोटांत गुंडाळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, प्लग आत सारून तो फुगेपर्यंत धरून ठेवावा. नुसता तोंडाशी टेकवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो. पाळीतील अर्धा तास तो काढून ठेवला, तरी दिवसभराच्या संरक्षणाचा मोठा भाग वाया जातो. उलट कर्णनाद सुरू झाल्यावर घाबरून घरातल्या शांततेतही कानात बोळे घालणारे काही जण असतात. त्याने नाद अधिकच ठळक होतो आणि साधे आवाजही बोचू लागतात. प्लगची जागा मिलमध्ये, फटाक्यांजवळ, वरातीतील डीजेसमोर. घरात तो काढून पंखा चालू ठेवावा.